ससा, सूप आणि गोधडी : कृष्णवर्णीय अमेरिकेचा इतिहास मुलांपर्यंत नेताना



अमेरिकेत दर वर्षी फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात तिथल्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून मुलांना आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या जातात, रंगीत कागदाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून घानातील केंटे वस्त्राची नक्कल करवून घेतली जाते आणि कागदाचे चौकोन चिकटवून गोधड्या तयार होतात. हा सारा उपक्रम वरवर पाहता हस्तव्यवसायाच्या तासाइतकाच निरुपद्रवी दिसतो, आणि म्हणूनच गंभीर अभ्यासक त्याच्याकडे फारसे वळत नाहीत. ही उपेक्षा अयोग्य आहे, आणि ज्या निर्धास्तपणे हा उपक्रम पुष्कळदा उरकला जातो तो निर्धास्तपणाही तितकाच अयोग्य आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. ज्या समाजाला अक्षरांचीच बंदी होती त्या समाजाचे दप्तर त्याच्या गोष्टींत आणि त्याच्या हातच्या वस्तूंत साठलेले आहे. आणि दप्तर म्हटले की ते नुसते मिरवता येत नाही, ते वाचावे लागते, ताडून पाहावे लागते, प्रसंगी त्यावर शंकाही घ्यावी लागते. मुलांसमोर हे करता येईल काय? येईल, आणि करावेही लागेल.

या महिन्याचे मूळ एका आठवड्यात आहे. त्याचे जनक कार्टर वुडसन १८७५ साली व्हर्जिनियात, गुलामगिरी भोगलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मले. तरुणपणी त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले, विसाव्या वर्षापर्यंत त्यांना हायस्कूलचे तोंड दिसले नाही, आणि तरीही १९१२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट मिळवली. १९१५ साली त्यांनी शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली आणि १९२६च्या फेब्रुवारीत ‘निग्रो हिस्टरी वीक’ हा सप्ताह सुरू केला. (‘निग्रो’ हे नाव त्या काळी त्या समाजातील विद्वानही स्वतःसाठी मानाने वापरत, पुढे ते मागे पडले.) फेब्रुवारीच का? गुलामगिरीतून निसटून थोर वक्ते आणि संपादक झालेले फ्रेडरिक डग्लस व राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन या दोघांचे जन्मदिवस हा समाज याच महिन्यात आधीपासून साजरे करत असे, आणि वुडसन यांनी चालत आलेल्या त्या रिवाजाला अभ्यासाचे वळण दिले. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी संपूर्ण महिन्याला मान्यता दिली. वुडसन यांच्या लेखी मात्र तो सप्ताह म्हणजे वर्षभर केलेल्या अभ्यासाचे प्रदर्शन होते, स्वतः अभ्यास नव्हे. १९३७ साली त्यांनी खास शालेय शिक्षकांसाठी एक नियतकालिक काढले ते याच कारणाने. वर्षभर काही न करता महिनाभर तोरणे लावावीत, ही कल्पना त्यांची नव्हती.

मुलांना काय सांगावे हा प्रश्न त्याआधीच विचारला गेला होता, आणि फार बिकट रूपात. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे ‘द क्रायसिस’ या मासिकाचे संपादक होते. त्या मासिकाचा वर्षातून एक अंक मुलांसाठी निघे. पण त्याच मासिकात जमावांनी कृष्णवर्णीयांच्या केलेल्या हत्यांची वृत्तेही छापावी लागत, आणि मुले तीही वाचत. १९१९ साली डू बॉइस यांनी एका बारा वर्षांच्या वाचक मुलीच्या पत्राचा उल्लेख केला; आपण गोऱ्या माणसाचा द्वेष करतो, तो आपला करतो तितकाच किंवा त्याहूनही अधिक, अशा आशयाचे ते पत्र होते. संपादक हादरले. सत्य झाकून ठेवणे त्यांना मान्य नव्हते, पण सत्याने मूल आतून जळून जावे हेही मान्य नव्हते. या पेचातून जानेवारी १९२० मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे कृष्णवर्णीय मुलांचे मासिक जन्मले. त्याची वाङ्मयीन बाजू लेखिका जेसी फॉसेट यांनी सांभाळली, कवी लँगस्टन ह्यूज यांचे आरंभीचे लेखन त्यात आले, किंमत १५ सेंट होती आणि २४ अंकांनंतर, डिसेंबर १९२१ मध्ये, ते बंद पडले. त्यात लोककथा होत्या, खेळ होते, थोरांची चरित्रे होती आणि जगाच्या बातम्याही होत्या. गोष्ट ही दुःखापासून पळण्याची जागा नाही आणि दुःख उगाळण्याचीही नाही, एवढे त्या २४ अंकांनी दाखवून दिले.

आता मूळ मुद्द्याकडे. गोष्ट आणि वस्तू यांना दप्तर का म्हणायचे? मराठी श्रोत्यांना इतिहास म्हटला की बखर, महजर, मोडी कागदांचे रुमाल आठवतात, आणि कागद नसेल तर बोलू नये ही शिस्त इथे एका मोठ्या परंपरेने घालून दिलेली आहे. ती शिस्त चांगलीच आहे. परंतु जिथे कागदावर हात ठेवणेच गुन्हा होता तिथे काय करायचे? साउथ कॅरोलायना वसाहतीत १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले आणि त्यानंतर १७४०च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे दंडनीय ठरवले. ढोल बाळगण्यावरही बंदी आली, कारण ढोल निरोप नेतो हे मालकांना कळून चुकले होते. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर यांचा उठाव झाला, तेव्हा अक्षरबंदी दक्षिणेत आणखी आवळली गेली. अटलांटिक पार नेण्यासाठी आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत कोंबली गेली; त्यांपैकी थेट उत्तर अमेरिकेत उतरली ती सुमारे ४ लाख, आणि १८६० साली तिथे गुलाम म्हणून मोजली गेलेली माणसे ४० लाखांच्या घरात होती. या माणसांविषयीचे कागद अमाप आहेत: विक्रीखते, विम्याची पत्रे, पळालेल्यांना पकडून देण्याच्या जाहिराती. त्यांनी स्वतः लिहिलेले मात्र फार थोडे. त्यांनी सांगितले, विणले, शिवले. जे उरले ते त्यात.

सांगितलेल्यापासून सुरुवात करावी. घानातील अकान लोकांत, विशेषतः अशांती लोकांत, अनान्सी नावाचा कोळी हा कथांचा नायक आहे. जगातल्या सर्व गोष्टी आकाशदेव न्यामे याच्याजवळ होत्या आणि त्याने त्यांची किंमत सांगितली होती: अजगर, बिबळ्या, गांधीलमाश्यांचा थवा आणि डोळ्यांना न दिसणारी परी. मोठमोठ्या राज्यांना जे जमले नाही ते इवल्याशा कोळ्याने युक्तीने केले. अजगराला त्याची लांबी मोजण्याच्या मिषाने काठीला बांधले, पाऊस आल्याचे भासवून गांधीलमाश्यांना भोपळ्यात शिरायला लावले, आणि तेव्हापासून गोष्टी कोळ्याच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. हीच कथा जहाजांतून जमैकात गेली आणि तिथे अनान्सी स्थायिक झाला. घानातील बोनवायर गावची दंतकथा तर असे सांगते की केंटे विणण्याची कला दोघा शिकाऱ्यांनी कोळ्याचे जाळे न्याहाळून उचलली. कागदी केंटे करणाऱ्या मुलांना ही कथा सांगितली जाते काय? सांगितली तर पट्टीखालून पट्टी घेणारी बोटे काय करत आहेत ते त्यांना कळेल.

अमेरिकेच्या दक्षिणेत कोळ्याची जागा बव्हंशी सशाने घेतली. आफ्रिकेच्या अनेक भागांत ससा हा लबाड नायक आहेच; इथे तो ‘ब्रेर रॅबिट’, म्हणजे सशाभाऊ, झाला. कोल्हा, लांडगा, अस्वल हे बलवान. ससा दुबळा, पण जिभेने तिखट. डांबराच्या पुतळ्याला तो चिकटतो आणि कोल्ह्याच्या तावडीत सापडतो, तेव्हा काहीही कर पण त्या काटेरी झुडपात फेकू नकोस अशी गयावया करतो; कोल्हा नेमके तेच करतो, आणि काट्यांतच जन्मलेला ससा पसार होतो. मालकाच्या समोर सांगता येईल आणि मालकाला कळणार नाही अशी ही गोष्ट आहे. परंतु तिचे सोवळे रूप मुलांना देण्याचा मोह आवरला पाहिजे. ससा नेहमी न्यायी नसतो. तो हावरट आहे, खोटे बोलतो, कित्येक कथांत क्रूरही वागतो. गुलामीत चातुर्य हे गोंडस नव्हते, आणि जगण्यासाठी लबाडी करणे म्हणजे काय हे मुलांना समजते. मोठ्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक समजते.

या कथा छापल्या कोणी, हा तर इतिहासाचा स्वतंत्र धडा आहे. जोएल चँडलर हॅरिस हा जॉर्जिया राज्यातील गोरा पत्रकार. पोरवयात एका मळ्यावरच्या छापखान्यात उमेदवारी करताना गुलामांच्या तोंडून त्याने या कथा ऐकल्या आणि १८८० साली ‘अंकल रीमस’ या कल्पित म्हाताऱ्याच्या तोंडी घालून प्रसिद्ध केल्या. कथा टिकल्या याचे श्रेय त्याला द्यावे लागते. पण तो म्हातारा कसा? मालकाच्या मुलाला मांडीशी घेऊन गोष्टी सांगणारा, जुन्या दिवसांविषयी हळहळणारा, समाधानी. डिस्ने कंपनीने १९४६ साली त्यावर काढलेला चित्रपट तर आता ती कंपनीच दाखवत नाही. हॅरिसच्याच ईटनटन गावात जन्मलेल्या कादंबरीकार अॅलिस वॉकर यांनी आपला वारसा आपल्यापासून हिरावला गेल्याची तक्रार उघडपणे मांडली आहे. मग कथा सोडून द्यायच्या? तसे झाले नाही. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी फ्लोरिडातील आपल्या माणसांत बसून गोळा केलेल्या कथांचे पुस्तक १९३५ साली आणले. ज्युलियस लेस्टर यांनी १९८७पासून सशाच्या कथा आजच्या बोलीत नव्याने सांगितल्या. व्हर्जिनिया हॅमिल्टन यांचा संग्रह १९८५ साली आला. ग्रंथपाल ऑगस्टा बेकर यांनी १९३७पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ग्रंथालयात नोकरी करताना कृष्णवर्णीय मुलांना स्वतःची ओळख पटेल अशा पुस्तकांचा संग्रह उभा केला, आणि गोष्ट सांगणे हे ग्रंथपालाचे काम आहे हे आपल्या वागण्यातून दाखवले. गोष्ट तीच असते. सांगणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो.

(इथे जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. पंचावुध जातकात एक राजकुमार चिकट केसांच्या यक्षाशी लढताना दोन हात, दोन पाय आणि डोके अशा पाचही अंगांनी त्याला चिकटतो, आणि डांबराच्या पुतळ्याची कथा याच जातकावरून निघाली असावी काय यावर पाश्चात्त्य विद्वानांनी बराच खल केला. आफ्रिकेत या कथेची असंख्य रूपे आढळतात. तेव्हा मूळ आपल्याकडचे असे म्हणून छाती फुगवण्याची घाई नको.)

सर्वांत अवघड कथा उडणाऱ्या माणसांची. जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर ती सांगितली जाई, १९४०च्या सुमारास ती लिहूनही घेतली गेली, आणि हॅमिल्टन यांच्या संग्रहाचे नाव तिच्यावरूनच पडले. कापसाच्या शेतात तान्हे मूल पाठीला बांधून राबणाऱ्या बाईवर मुकादमाचा आसूड पडतो. एक वृद्ध जुन्या, विसरलेल्या भाषेतले शब्द उच्चारतो आणि ती मुलासह आकाशात उडून जाते. मागोमाग इतरही उडतात. ज्यांना उडता येत नाही ते मागे राहतात आणि ही कथा आपल्या मुलांना सांगतात. या कथेच्या मागे एक घटना उभी असल्याचे मानले जाते. १८०३ साली पश्चिम आफ्रिकेतील इग्बो लोकांना सव्हाना येथे विकत घेऊन सेंट सायमन्स बेटाकडे नेत असताना त्यांनी बंड केले, किनारा गाठला आणि त्यांच्यापैकी काही जण डनबार खाडीच्या पाण्यात चालत गेले व बुडाले. कागद म्हणतो, बुडाले. कथा म्हणते, उडाले. मुलांना काय सांगावे? लहानग्यांना उड्डाण पुरेसे आहे. दहाबारा वर्षांच्या मुलांना दोन्ही सांगावे आणि एकाच घटनेच्या अशा दोन आठवणी का उरल्या हे त्यांनाच विचारावे. कथा खोटी म्हणून कागद खरा असा निवाडा देणारे मूल क्वचित भेटेल. उडालेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांकडे त्यांचे लक्ष वेधावे, कारण कथा त्यांची आहे.

आता हातच्या वस्तू. त्याच किनाऱ्यावर गल्ला-गीची नावाचा समाज राहतो. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या बेटांवर राबवलेल्या गुलामांचा हा वंश, आणि तुलनेने एकांत लाभल्यामुळे त्याच्या बोलीत, खाण्यात आणि कारागिरीत आफ्रिका अधिक ठळकपणे टिकली. लोरेन्झो डाऊ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने १९४९ साली या बोलीतील आफ्रिकी शब्दांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. हा भाताचा मुलूख. इथल्या चार्ल्सटन शहराची श्रीमंती भातावर उभी होती, आणि भात पिकवणाऱ्या पश्चिम आफ्रिकी भागांतून आणलेल्या माणसांना मळेवाले मुद्दाम मागत. भात उखळात मुसळाने कांडला जाई आणि मग मोठ्या पसरट, गोल सुपात घालून वाऱ्यावर पाखडला जाई. हे सूप लव्हाळ्यासारख्या जाड गवताच्या जुडीचे वेटोळे करत, पामेटो या ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या पट्टीने ते शिवत केलेले असे. शिवण्यासाठी हाडाचे किंवा चमच्याची दांडी घासून केलेले बोथट टोचे. तेव्हा हे काम प्रामुख्याने पुरुषांचे होते. पुढे भातशेती संपली, सूप निरुपयोगी झाले, आणि स्त्रियांनी सुवासिक ‘स्वीटग्रास’ गवताच्या नाजूक टोपल्या करून चार्ल्सटनजवळच्या माउंट प्लेझंट येथे हमरस्त्याच्या कडेला विकायला सुरुवात केली. मेरी जॅक्सन या टोपली विणणाऱ्या कलावतीला २००८ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आज अडचण गवताचीच आहे, कारण ते जिथे उगवते त्या किनाऱ्यावर घरे आणि गोल्फची मैदाने उभी राहिली. मुलांनी पाइपक्लिनर वळवून टोपली करावी, जरूर करावी. पण एक मूठ भात कांडून, पाखडून पाहिला तर सूप ही शोभेची वस्तू नव्हती, राबवलेल्या शरीराचे अवजार होती, हे मनगटालाच कळेल. महाराष्ट्रातील घरांत निदान आजीला तरी ते समजावून सांगावे लागणार नाही.

गोधडीकडे वळले की एक नाव आधी घ्यावे लागते: हॅरिएट पॉवर्स. १८३७ साली जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या या बाईच्या फक्त दोन गोधड्या आज ज्ञात आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आणि दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात. कापडावर कापडाच्या आकृत्या बसवून त्यांनी बायबलातील प्रसंग शिवले, आणि त्यांत इतिहासही शिवला. १८३३च्या नोव्हेंबरात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला होता. ती रात्र बोस्टनच्या गोधडीत आहे, आणि पॉवर्स यांचा जन्म तर त्यानंतर चार वर्षांनी झाला! म्हणजे न पाहिलेली रात्र त्यांच्यापर्यंत तोंडातोंडी आली आणि सुईने कापडावर उतरली. याच गोधडीत बेट्स नावाची एक डुकरीण आहे, जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळालेली. तिच्या धावण्यात उत्तरेकडे पळणारी माणसे पाहणारे अभ्यासक आहेत, आणि मुलांना तर ती पाहताक्षणी आवडते. १८८६ साली अथेन्स गावच्या प्रदर्शनात जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेला पहिली गोधडी दिसली. तेव्हा पॉवर्स यांनी ती विकायला नकार दिला. काही वर्षांनी गरिबीने गाठले, तेव्हा त्यांनी दहा डॉलर मागितले आणि पाचांवर समाधान मानले; पुढे त्या आपली गोधडी पाहायला स्मिथ यांच्या घरी जात. स्मिथ यांनी त्यांच्याकडून प्रत्येक चौकोनाचा अर्थ विचारून लिहून ठेवला, म्हणून तो आज कळतो. कृतज्ञता आणि संकोच एकाच वेळी वाटावा असा हा व्यवहार आहे.

अलाबामातील जीज बेंड या तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेल्या वस्तीतील स्त्रियांनी फाटक्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या आणि समीक्षक थक्क झाले. पण मुलांना रंगांबरोबर हेही सांगावे की तिथली माणसे मतदार नोंदणीसाठी पलीकडच्या तालुक्याच्या गावी जाऊ लागली, तेव्हा १९६२ साली नदीवरची फेरीबोट बंद पडली आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. हार्लेमच्या चित्रकर्त्री फेथ रिंगगोल्ड यांनी तर उडणाऱ्या माणसांची कथा आणि गोधडी एकत्र आणली: १९९१च्या ‘टार बीच’ या चित्रपुस्तकात एक मुलगी घराच्या गच्चीवरून न्यूयॉर्कवर उडते, आणि ज्या कामगार संघटनेत तिच्या वडिलांना प्रवेश नाही तिची इमारतही आपलीशी करते.

आणि आता शंकेचे प्रकरण. अनेक शाळांत मुलांना सांगितले जाते की गुलामांना पळून जायला मदत करणारे लोक कुंपणावर ठरावीक नक्षीच्या गोधड्या टांगत आणि त्या गुप्त खुणा असत. १९९९ साली आलेल्या एका पुस्तकाने ही कथा देशभर पसरवली. ती एका कुटुंबाच्या तोंडी परंपरेवर बेतलेली होती. इतिहासकारांना तिला दुजोरा देणारा समकालीन पुरावा मिळालेला नाही, आणि खुद्द पळून आलेल्यांच्या विपुल आत्मकथनांत तिचा मागमूस नाही. तरीही ती का टिकते? ती सुंदर आहे, तिच्यात रक्त नाही, आणि तिची कृती एका तासात संपते. वर ज्या न्यायाने उडणाऱ्या माणसांची बाजू घेतली तोच इथे का लागू नये, असे कोणी विचारील. फरक असा की उड्डाणाची कथा कथा म्हणून सांगितली जाते. ही मात्र घडलेली गोष्ट म्हणून शिकवली जाते. हॅरिएट टबमन यांच्यासारखी माणसे रात्रीच्या अंधारात, स्वतःच्या ज्ञानावर आणि ओळखीच्या माणसांवर विसंबून खरोखरच लोकांना सोडवून आणत होती, आणि त्यांच्या धैर्याला कल्पित नक्षीच्या टेकूची गरज नाही.

या विषयाशी महाराष्ट्राचे नाते उसने नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून घेतले. याहून जुना धागा थेट आफ्रिकेतून येतो. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद त्याने वसवले, आणि त्याचा गनिमी कावा शाळेतल्या मुलांना ठाऊक असतो. परंतु हबशी म्हटले की मलिक अंबर आणि जंजिऱ्याचा सिद्दी, तलवार आणि तोफ, एवढ्यावरच पाठ्यपुस्तक थांबते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ आणि यल्लापूरच्या परिसरात सिद्दी समाज आजही राहतो. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातील गुलामीतून निसटून त्या रानांत आल्याचे मानले जाते, आणि त्यांच्या बोलण्यात कोंकणी व मराठीचा वावर आहे. तिथल्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे धावदोऱ्याने शिवून ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. शिवण कडेने सुरू होऊन आत मध्याकडे सरकते, आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोणी ‘फूल’ बसवले नाही तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात.

पॉवर्स यांची गोधडी, जीज बेंडची गोधडी, कवंदी आणि घरातली वाकळ यांची चित्रे वर्गात शेजारीशेजारी ठेवली तर मुले साम्ये भराभर सांगतील आणि एकच उगम सुचवून मोकळी होतील. तिथे शिक्षकाने थोडे थांबवावे. कवंदीतले आफ्रिकेचे किती आणि दख्खनच्या गोधडीचे किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जुन्या कपड्याचा तुकडा न टाकणे हे गरिबीने जगभर शिकवलेले आहे. तेव्हा उगमाआधी साधे प्रश्न घ्यावेत: ही कोणी शिवली, कोणाच्या कपड्यांतून शिवली, कोण पांघरून झोपले, आणि विकली असेल तर पैसे किती मिळाले व कोणाला. कात्री आणि डिंक त्यानंतर.